जुन्या बोटीतला जुना वास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



शिडाच्या जुन्या बोटीवर पहिल्यांदाच आलेला पाहुणा आधी काय बघेल ते सांगता येत नाही. कुणी डोलकाठीकडे बघतो, कुणी दोरखंडांच्या गुंत्याकडे, कुणी घासूनपुसून लखलखीत केलेल्या पितळेकडे. पण चार पायऱ्या उतरून तो खालच्या खोलीत आला, की त्याचं नाक आधी काय टिपेल ते मात्र खात्रीनं सांगता येतं. मालक घाईघाईनं म्हणतो, "समुद्राचा वास आहे हो, बंद होती ना बोट." पाहुणा सभ्य असतो, तो मान हलवतो. पण दोघांनाही माहीत असतं, की वास येतोय तो संडासाच्या दिशेनं. गंमत अशी, की मालकाचं बोलणं अगदीच खोटं नसतं. ते कसं, हे पुढे येईलच.

शिडाच्या बोटी आता आपल्याला पूर्वीइतक्या परक्या राहिलेल्या नाहीत. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा मोहिमांची वर्णनं वाचताना आपण लाटा, वादळं, फाटलेली शिडं यांबद्दल वाचतो. पण पन्नास-पंचावन्न फुटांच्या एका पेटीत माणसं महिनोन्‌महिने राहतात, तेव्हा त्यांना रोज सकाळी कुठेतरी जावं लागतंच. त्या मोहिमांच्या बोटी नव्या होत्या. आज मला बोलायचं आहे ते तीस, चाळीस, पन्नास वर्षं वापरात असलेल्या लहान बोटींबद्दल. अशा बोटी अमेरिकेत आणि युरोपात हजारोंनी आहेत, आणि थोड्याफार आपल्याकडेही आहेत.

आधी थोडा इतिहास. इंग्रजी बोलणारे खलाशी बोटीवरच्या संडासाला आजही 'हेड' म्हणतात, म्हणजे डोकं. कारण जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांनी बसायची जागा जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, नाळेवर असे. चौकोनी शिडांची ती जहाजं बहुतेक वेळा पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर चालत. त्यामुळे पुढे बसलेल्या माणसाचा वास पुढेच उडून जाई, आणि लाटांचं पाणी फळ्या आपोआप धुऊन काढी. कप्तानाची सोय मात्र मागे, त्याच्या खोलीला लागून. अरबी ढाऊंवर मागच्या बाजूला बोटीच्या बाहेर टांगलेली एक लाकडी पेटी असे, खाली थेट समुद्र. या सगळ्या व्यवस्थांमध्ये एक गोष्ट समान होती. नळी नव्हती, टाकी नव्हती, आणि म्हणून वासाचा प्रश्नही नव्हता. बोटीवरचा वास हा संडास घरात आणल्यानंतरचा आहे.

आता गेल्या साठ-पासष्ट वर्षांकडे येऊ. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअर्सन कंपनीची 'ट्रायटन' नावाची अठ्ठावीस फुटी बोट मांडली गेली. लाकडाऐवजी फायबरग्लासचं अंग. पुढे अशा बोटी साच्यातून काढल्यासारख्या बाहेर पडू लागल्या आणि मध्यमवर्गीय माणसाला त्या परवडू लागल्या. फायबरग्लास कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्यामुळे झालं असं, की बोटीचं अंग साठ वर्षं टिकतं, पण तिच्या पोटातली संडासाची नळी दहासुद्धा टिकत नाही. जुनी बोट स्वस्तात मिळते ती अनेकदा याच कारणासाठी.

त्यात आणखी एक भानगड. या जुन्या बोटी बांधल्या तेव्हा संडासाचं पाणी सरळ समुद्रात सोडण्याची रीत होती. पुढे अमेरिकेत कायदा आला. ३० जानेवारी १९८० नंतर, बसवलेलं शौचकूप असलेल्या प्रत्येक बोटीवर मैला शुद्ध करणारी किंवा साठवून ठेवणारी मान्यताप्राप्त व्यवस्था सक्तीची झाली. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरच्या आत कच्चा मैला सोडायला बंदी. कायदा योग्यच होता. ज्या खाडीत पोरं पोहतात तिथे हे सोडायचं नसतं. पण ज्या बोटीच्या आराखड्यात टाकीला जागाच नव्हती, तिच्यात ती कोंबावी लागली. कुणी झोपायच्या फळीखाली बसवली, कुणी नाळेच्या त्रिकोणी कोपऱ्यात. नळ्या वाटेल तशा वळवल्या. जिथे उतार हवा तिथे झोळ आला. हवेसाठी म्हणून करंगळीएवढी एक बारीक नळी बोटीच्या कडेला काढून दिली. आजचा वास ही त्या वेळच्या घाईची देणगी आहे.

वास येऊ लागला की माणूस पहिल्यांदा काय करतो? फिनेल ओततो. मग सुगंधी वडी टांगतो. मग निळं औषध टाकीत घालतो. मग वास आणि सुगंध यांचं असं काही मिश्रण तयार होतं, की नुसता वास परवडला. एखादा मेहनती मालक शौचकुपाचं भांडंच बदलतो. नवं कोरं पांढरं भांडं बसवतो आणि आठवड्यानं पुन्हा तोच वास. कारण भांडं जवळजवळ कधीच गुन्हेगार नसतं. ते गुळगुळीत असतं, रोज धुतलं जातं. गुन्हेगार असतात दिसत नाहीत अशा जागी.

म्हणून सुगंधाच्या आधी एक प्रश्न विचारायचा. वास येतो कधी?

समजा बोट पंधरा दिवस बंद होती. तुम्ही आलात, कप्पे उघडले, वास फारसा नाही. मग संडासाचा हातपंप दोनदा हलवला आणि एकदम सडक्या अंड्यांचा भपकारा आला. पाच मिनिटं पंप चालवला की तो गेला. इथे लोकांची समजूत अशी, की टाकीतली घाण उलटी आली. पण वास येतोय तो घाणीचा नाही. आत येणाऱ्या स्वच्छ समुद्राच्या पाण्याचा आहे. मघाशी मालक म्हणाला तो समुद्राचा वास तो हाच.

बोटीवरच्या शौचकुपात धुवायला समुद्राचंच पाणी वापरतात, कारण गोडं पाणी मोजकं असतं. तळाच्या कॉकमधून हे पाणी नळीनं पंपात येतं. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बोट बंद असली की ते नळीत अडकून मरतात आणि कुजू लागतात. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. आणि इथे समुद्राच्या पाण्याचा एक गुण आड येतो. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले जवळजवळ पावणेतीन ग्रॅम सल्फेट. प्राणवायू संपला, की काही जिवाणू या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास म्हणतात तो याचाच. गोड्या पाण्यात सल्फेट कितीतरी पटींनी कमी, म्हणून तिथे हा प्रकार इतक्या जोरात होत नाही. आणि पाणी जितकं ऊबदार तितका हा कारखाना जोरात चालतो. थंड देशातल्या बोटीला जे महिन्यात होतं, ते आपल्या अरबी समुद्राच्या पाण्यात काही दिवसांत होऊ शकतं.

उपाय अगदी साधा आहे, आणि फुकट आहे. बोट सोडून जाताना संडासाच्या नळ्यांत खारं पाणी ठेवायचं नाही, गोडं ठेवायचं. भांड्यात बादलीनं गोडं पाणी ओतून पंप मारला की टाकीकडे जाणारी नळी धुतली जाते, पण पाणी आत आणणारी नळी तशीच राहते. म्हणून जाणते लोक एक युक्ती करतात. हात धुवायच्या बेसिनची निचऱ्याची नळी संडासाच्या आत येणाऱ्या नळीला जोडून घेतात. निघताना तळाचा कॉक बंद करायचा, बेसिन गोड्या पाण्यानं भरायचं आणि पंप मारायचा. बेसिनमधलं पाणी पंपातून, भांड्यातून सगळीकडे फिरतं. मात्र पिण्याच्या पाण्याची टाकी नळीनं थेट संडासाला कधीही जोडू नये. सोपं वाटतं, पण एखादा व्हॉल्व्ह बिघडला तर घाण उलटी पिण्याच्या पाण्यात जाऊ शकते. इतका मोठा धोका पत्करण्याएवढी ही सोय मोठी नाही.

आता दुसरा प्रकार. पंप मारा, मारू नका, वास आहेच. कोंदट, चिकट, चोवीस तास. कप्पे बंद ठेवले की वाढतो. हा बहुतेक वेळा नळीचा वास असतो. इथे पुष्कळांचा विश्वास बसत नाही. नळी कुठे गळत नाही, क्लिपा घट्ट आहेत, बाहेरून हात लावला तर कोरडी आहे, मग वास येईल कसा? येतो. ज्या लवचीक प्लास्टिकच्या किंवा रबराच्या नळीत मैला साठून राहतो, तिच्या भिंतीतून वासाचे रेणू हळूहळू झिरपत बाहेर येतात. फ्रीजमध्ये साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला सुका बोंबील कसा सगळ्या फ्रीजला कळतो, तसंच हे. पिशवीला भोक नसतं.

कोणती नळी पाझरते हे ओळखायची एक जुनी आणि नामी परीक्षा आहे. स्वच्छ फडकं कढत पाण्यात भिजवायचं, पिळायचं आणि नळीभोवती गुंडाळायचं. फडकं गार झालं की ते काढून घेऊन बोटीच्या बाहेर, मोकळ्या हवेत जाऊन हुंगायचं. फडक्याला वास लागला असेल तर नळी गेली. प्रत्येक नळीसाठी नवं फडकं घ्यायचं. बाहेर जाऊनच हुंगायचं, कारण आत तुमचं नाक आधीच थकलेलं असतं. वासात राहणाऱ्या माणसाला त्याच्याच घरचा वास येत नाही, हे काही बोटीपुरतंच खरं नाही.

नळी गेली असेल तर ती धुऊन, औषधं घालून परत येत नाही. बदलावी लागते. आणि बदलायची तर सगळ्या एकदम. एक तुकडा बदलून दुसरा ठेवला तर पैसे वाया. नवी नळी संडासासाठीच बनवलेली, जाड घ्यावी. बागेला पाणी घालायची किंवा आतून कंगोरे असलेली स्वस्त नळी घेतली, तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा हेच. जिथे सरळ जागा असेल तिथे घरात वापरतो तसा कडक पीव्हीसी पाइप टाकावा, दोन टोकांना तेवढी लवचीक नळी. कडक पाइपातून वास जवळपास झिरपत नाही.

पण त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे नळीत काही साठू द्यायचं नाही. एक छोटा हिशेब करून बघा. दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे १.१ लीटर पाणी मावतं. भांड्यापासून टाकीपर्यंत तीन मीटर नळी असेल तर साडेतीन लीटरच्या घरात. पाहुणे दोनचार वेळा पंप हलवतात, भांडं स्वच्छ दिसतं, बाहेर येतात. भांड्यातली घाण गेली कुठे? टाकीत नाही गेली. नळीच्या झोळात जाऊन बसली, पुढच्या माणसाची वाट बघत. म्हणून भांडं स्वच्छ दिसल्यावरही पंप मारत राहायचा, नळी संपेपर्यंत. बोटीवर ही सूचना दारावर लिहून लावलेली बरी. तोंडी सांगायला संकोच वाटतो.

पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी रबराचा एक चोचीसारखा व्हॉल्व्ह असतो. पाणी पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. हे रबर चुन्याच्या थरानं कडक होतं, चोच नीट मिटत नाही आणि नळीतलं पाणी भांड्यात परत येतं. सकाळी भांड्याच्या तळाशी तपकिरी पाणी दिसलं, की समजावं. काही रुपयांची वस्तू आहे. वर्षातून एकदा न विचारता बदलून टाकावी. चुन्याचा थर धरतो तो समुद्राच्या पाण्यातला चुना आणि लघवी यांच्या संयोगानं. आठवड्यातून एकदा पेलाभर व्हिनेगर ओतून नळीत तासभर मुरू दिलं तर तो साचत नाही. बंगल्यातल्या संडासासाठीची पाइनतेलाची, रॉकेलसारख्या वासाची द्रावणं मात्र इथे नकोत, रबर फुगतं. आणि ब्लीचिंगचं पाणी आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन निघतो. लघवी साचलेल्या जागी ब्लीच ओतलं तरी विषारी वाफा येतात. चार फुटांच्या खोलीत, दार लावून, हा प्रयोग करायचा नसतो.

आता टाकी. इथे मुख्य मुद्दा आहे आणि तो आपल्या समजुतीच्या उलट आहे. वास येतो म्हणून माणूस टाकी जास्तीत जास्त बंद करत जातो. झाकण आवळतो, हवेची नळी बारीक करतो, तिच्या तोंडाला काहीतरी बांधतो. आणि वास वाढतो.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. एकच शेण गोबरगॅसच्या टाकीत हवाबंद ठेवलं तर एक गोष्ट घडते, आणि कंपोस्टच्या ढिगात वरखाली करत ठेवलं तर दुसरी. हवा मिळाली की एका जातीचे जिवाणू काम करतात आणि त्यातून कर्बवायू आणि पाणी निघतं. चांगल्या कंपोस्टला मातीचा वास येतो. हवा तोडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मग मिथेन, अमोनिया, आणि तो सडक्या अंड्यांचा वायू. गोबरगॅसमध्ये आपल्याला वायूच हवा असतो, म्हणून आपण हवा मुद्दाम तोडतो. बोटीच्या मालकाला वायू नको असतो, तरी तो तेच करतो. म्हणजे झोपायच्या फळीखाली त्यानं नकळत एक छोटा गोबरगॅस बांधलेला असतो.

तेव्हा टाकीला हवा द्यायची. पेगी हॉल या अमेरिकन बाईंनी २००३ मध्ये बोटीतल्या वासांवर अख्खं पुस्तक लिहिलं. टाकीला भरपूर हवा द्या, हा आग्रह त्या सतत धरत आल्या आहेत. करंगळीएवढ्या नळीऐवजी इंचाची किंवा त्याहून जाड नळी, शक्य तितकी आखूड आणि सरळ. आणखी चांगलं म्हणजे दोन नळ्या, बोटीच्या दोन बाजूंना. वारा कुठूनही असो, एकीतून हवा शिरते, दुसरीतून बाहेर जाते. घरात समोरासमोर खिडक्या असल्या की वारा खेळतो, तसं. ज्यांनी हे केलं त्यांना पहिल्यांदा वाटतं, आता तर सगळा वास बाहेर येणार. आठ-पंधरा दिवसांत वास उतरतो, कारण मुळात तो तयार होणंच कमी होतं.

हवेची नळी तुंबते हाही नेहमीचा प्रकार. टाकी काठोकाठ भरली, बोट कलली, की मैला त्या नळीत चढतो आणि तिथेच वाळून बसतो. कधी कुंभारीण माशी तिच्या तोंडात मातीचं घर करून ठेवते. मग पंप मारताना जोर लागतो, भांड्यात बुडबुडे येतात. बाहेरून पाण्याच्या नळीनं उलटी धार मारून ही नळी अधूनमधून धुवावी. कोळशाची गाळणी बसवायची असेल तर खुशाल बसवा, पण ती ओली झाली की हवा अडवते. मग तिच्यामुळेच टाकी गुदमरते. माझं मत विचाराल तर जाड नळी हा उपाय, गाळणी ही मलमपट्टी.

नळी जाड करायला जागाच नसेल तर टाकीत नायट्रेट असलेली औषधं घालतात. याच्यामागचा विचार मला फार आवडतो. हवा संपली की जिवाणू सल्फेटकडे वळण्याआधी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, कारण तो त्यांना जास्त सोयीचा असतो. म्हणजे तुम्ही त्यांच्यापुढे वेगळं ताट मांडता आणि ते अंड्याचा वास काढायचं सोडून देतात. काही शहरांच्या गटारांतही हीच युक्ती वापरतात. फॉर्मालिनची जुनी औषधं मात्र सरसकट सगळ्या जिवाणूंना मारतात, चांगल्यांनाही.

टाकीच धातूची आणि जुनी असेल, तर वेल्डच्या जोडांवर नखानं चाचपून बघावं. लघवी धातू खाते. पांढरट, दमट खडबडीत रेघ लागली, तर पुढच्या हंगामाची वाट बघू नये. जाड भिंतीची प्लास्टिकची टाकी यात सगळ्यात निश्चिंत.

इथे जरा थांबून एक गंभीर गोष्ट सांगतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास माणसाला फार लवकर येतो, हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग असला तरी. त्यामुळे आपल्याला वाटतं, की धोका असेल तर नाक सांगेलच. पण हेच प्रमाण दहा हजारांत एक भाग इतकं झालं, की नाकाची संवेदना काही मिनिटांत बधिर होते. वास 'गेला' असं वाटतं. त्याच्या पाच-सातपट झालं तर माणूस काही मिनिटांत कोसळतो, आणि हजारात एक झालं तर जवळपास तत्काळ. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साठतो. आपल्या शहरांतल्या गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं मरतात, त्यातलं मोठं कारण हाच वायू. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्यानं मनाई केली, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. मासेमारी बोटींच्या माशांच्या कप्प्यांतही, सडलेल्या मासळीतून हाच वायू साठून खलाशी दगावले आहेत. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो.

शिडाच्या बोटीची टाकी पन्नास-शंभर लीटरची, ती सेप्टिक टँकएवढी धोक्याची नाही. पण ती ज्या कप्प्यात असते तिथे माणूस डोकं आणि खांदे घालून पालथा पडतो, आणि तुंबलेली नळी नाकापासून वीतभर अंतरावर कापतो. म्हणून हे काम एकट्यानं करू नये. आधी टाकी रिकामी करून गोड्या पाण्यानं दोनदा धुवावी, सगळी झाकणं उघडून पंखा लावावा, आणि डोकं दुखायला किंवा डोळे चुरचुरायला लागले की वाद न घालता वर यावं. वास अचानक नाहीसा झाला तर ती आनंदाची नव्हे, बाहेर पडण्याची खूण समजावी.

आता तिसरा प्रकार, ज्यात संडासाचा काही दोष नसतो. बोट वाऱ्यानं कलली की वास येतो आणि सरळ झाली की जातो. म्हणजे कुठेतरी पाणी साचलंय आणि ते हलतंय. बोटीच्या तळाशी एक पोकळी असते, तिला बिल्ज म्हणतात. सांडलेलं, झिरपलेलं सगळं शेवटी तिथे जातं. अंघोळीच्या पाण्यासाठी एक छोटी डबी असते, तिच्यात साबण, केस, मळ यांचा एक करडा लगदा तयार होतो. या डबीचा वास आणि संडासाचा वास यांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. टाकी बदलून, नळ्या बदलून थकल्यावर शेवटी या डबीचं झाकण उघडणारे कितीतरी असतात. आधी तीच उघडावी, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लघवीचे शिंतोडे. हलत्या बोटीवर उभं राहून नेम साधत नाही, कितीही अनुभवी खलाशी असो. शिंतोडे भांड्याच्या बुडाशी, पायाखालच्या प्लायवूडच्या कडेत शिरतात आणि तिथे वर्षानुवर्षं मुरतात. शहाण्या बोटींवर नियम असतो, सगळ्यांनी बसूनच. ज्यांना यात कमीपणा वाटतो त्यांच्या हाती घासणी द्यावी. मुरलेलं प्लायवूड एन्झाइमच्या द्रावणानं धुऊन, पूर्ण वाळवून, मग इपॉक्सीनं बंद करायचं. ओलं असताना बंद केलं तर वास आत कोंडून ठेवला, एवढंच.

यातलं बरंचसं घरीही लागू पडतं. महिनाभर गावी जाऊन आलात आणि फ्लॅटचं दार उघडताच मोरीतून गटाराचा वास आला, तर काही फुटलेलं नसतं. मोरीच्या जाळीखाली जो वळसा असतो, त्यातलं दोनेक इंच पाणी आटलेलं असतं. तेच पाणी गटाराच्या वायूला अडवून धरतं. दोन तांबे पाणी ओतलं की काम झालं. पण लोक आधी फिनेल ओततात.

बोटीकडे परत येऊ. मघाशी म्हटलं, जुन्या जहाजांवर वारा मागून येई. आजची लहान बोट नांगरावर उभी असते तेव्हा नाळ वाऱ्याकडे तोंड करून असते. म्हणजे संडास पुढे असला, तर त्याचा आणि त्याच्या हवेच्या नळीचा वास थेट मागे, लोक जिथे चहा पीत बसलेत तिथे येतो. म्हणून नळीचं तोंड काढताना ते उघड्या झडपांच्या वाऱ्याच्या बाजूला येणार नाही, हे आधी नांगरावर उभं राहून बघून घ्यावं.

सगळं नीट केल्यावरही पहिले काही आठवडे वास राहतो, आणि माणूस निराश होतो. तो आता नळीचा नसतो. गाद्यांच्या फोममध्ये, छताच्या कापडात, लाकडाच्या उघड्या कडांत मुरलेला असतो. गाद्या उन्हात टाकाव्यात, कापड धुवावं किंवा बदलावं, कप्प्यांची दारं उघडी ठेवावीत. मुंबईत पावसाळ्यात शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. ते चार महिने जायच्या आधी टाकी रिकामी करून धुवावी, नळ्यांतून गोडं पाणी फिरवून ती कोरडी होऊ द्यावीत, पंपात थोडं वनस्पती तेल फिरवावं म्हणजे रबर वाळत नाही. तळाचा कॉक बंद. भांड्याचं झाकण उघडं. आणि हवेच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी, कुंभारणीसाठी.